नळाच्या दिवशीही जमेल अशी रोजची भक्ती

इंदुरात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवत आणलेलं हे पाणी आमच्या गल्लीत पोचतं ते ऐन सकाळी, आणि एकदा नळ आला की घरातलं प्रत्येक माणूस टाकी, पिंप आणि बादल्यांच्या मागे लागतं. लग्न होऊन नगरहून इथे आले तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं : 'पहाटे पाच ते सहा, शांत समय.' चार नळ आले आणि ते वेळापत्रक वाहून गेलं. मग पुढची दोन वर्षं मी स्वतःला आळशी समजत राहिले. माहेरी आजी रोज तासभर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसायची, आणि मला दहा मिनिटं मिळत नाहीत म्हणजे दोष माझ्यातच, असा हिशेब.

आजीकडे कंपनीची बस नव्हती, मुलांचे डबे नव्हते आणि दुपारी अडीचला पाठवायचा जीएसटीचा तक्ता नव्हता, हे लक्षात यायला वेळ लागला.

हे लिहिते आहे ते अशाच लोकांसाठी. विश्वासात नव्याने आलेले. किंवा ख्रिस्ती घरात जन्मले, पण घरची प्रार्थना नेहमी आई-आजीने चालवली आणि आता विजयनगरकडे भाड्याच्या खोलीत एकटे राहतात असे तरुण. किंवा बदली होऊन आलेले, ज्यांची मंडळी (म्हणजे चर्च), भाषा, शेजार सगळंच एकदम बदललं आहे. ज्यांची भक्ती आधीच नीट चालू आहे त्यांनी हे वाचून उगाच आपली घडी विस्कटू नये.

आधी पहाटेचं भूत उतरवा

आपल्याकडे कुठलीही साधना म्हटली की पहाट आलीच. ख्रिस्ती घरांतही तेच. उपदेशात मार्कच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातलं, १:३५ हमखास येतं : येशू अंधार असतानाच उठला, एकांतात गेला आणि तिथे त्याने प्रार्थना केली. खरं आहे. पण त्या वचनाच्या अलीकडची-पलीकडची वचनंही वाचा. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी लोटलं आहे, आजारी माणसं आणली जात आहेत. आणि पहाटेच्या त्या एकांतात शिमोन शोधत येतो : सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे प्रभूचाही एकांत मध्येच मोडला. सहाव्या अध्यायात तर शिष्यांना जेवायलाही सवड नाही. तो म्हणतो, चला, जरा विसावा घ्या. सगळे नावेत बसून निघतात, आणि लोक किनाऱ्याने धावत जाऊन त्यांच्या आधीच तिथे हजर! रविवारी दुपारी पाठ टेकावी आणि दारावरची बेल वाजावी, अगदी तसं. तिथे येशू चिडत नाही, त्याला त्या लोकांचा कळवळा येतो. मला अजून ते जमत नाही; मी बेलवर चिडते.

स्तोत्र १२७ सुद्धा वाचून ठेवा. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणं व्यर्थ आहे असं ते स्पष्ट सांगतं, आणि झोपेला देवाची देणगी मानतं. साडेअकराला ओटा पुसून अंथरुणावर पडणाऱ्या बाईने पाचचा गजर लावलाच पाहिजे, असं शास्त्रात कुठेही नाही. ज्यांची झोप पुरी होते त्यांनी पहाट जरूर घ्यावी. तिच्यासारखी शांतता दिवसात पुन्हा मिळत नाही. बाकीच्यांसाठी पुढचं आहे.

पहिली पायरी : खुंट्या शोधा

घरी आल्यावर पिशवी कुठे अडकवता? जिथे खुंटी असेल तिथे. दिवसाच्या भिंतीतही अशा खुंट्या आधीपासून ठोकलेल्या असतात. रोज ठरावीक वेळी, तुम्ही मनात आणा न आणा, घडणाऱ्या गोष्टी. सकाळचा चहा. कुकर. शाळेची व्हॅन. बसमधला प्रवास. दुपारचा डबा. रात्री मोबाइल चार्जिंगला लावणं. भक्ती यांतल्या एकीला अडकवायची. भिंतीत नवी खुंटी ठोकायला गेलं की पोपडेच निघतात; माझं 'पाच ते सहा' ही तशी नवी खुंटी होती.

म्हणून पहिला आठवडा काहीच सुरू करू नका. फक्त बघा, आणि रात्री कागदावर टिपा : आज कुठल्या क्षणी मी नुसता थांबलो होतो? कशाची तरी वाट बघत होते? दोनच अटी आहेत. ती गोष्ट रोज घडणारी हवी, आणि त्या वेळी कोणाला तुमची तातडीने गरज पडता कामा नये. आठवडाभरात तीन-चार जागा सापडतात. त्यांतली एकच निवडा. पहिला महिनाभर एकच. दुसरी पुढच्या महिन्यात.

माझं उदाहरण सांगते. ह्यांची पीथमपूरची कंपनीची बस सव्वासहाला कोपऱ्यावर येते. ते गेले की मुलं उठेपर्यंत पंचवीस मिनिटं मिळतात, त्यांतली पंधरा डब्यांची. वरण-भाताचा कुकर लावला की मी ओट्याशेजारच्या स्टुलावर बसते, आणि तीन शिट्या होऊन वाफ जिरेपर्यंतचा वेळ माझा. आई डोक्यावर पदर घ्यायची, मी ओढणी घेते. मुलांना आता पक्कं ठाऊक आहे की आईच्या डोक्यावर ओढणी आहे म्हणजे टॉवेल कुठे ठेवलाय हे आत्ता विचारायचं नाही. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आईबद्दल, सुझाना वेस्लींबद्दल, असंच सांगतात. एकोणीस बाळंतपणं झालेली ती अठराव्या शतकातली इंग्लिश बाई म्हणे एप्रन तोंडावर ओढून तिथल्या तिथे प्रार्थनेला बसायची, आणि मुलं समजून जायची.

नळाच्या दिवशी कुकर अर्धा तास उशिरा लागतो, मग भक्तीही अर्धा तास उशिरा होते. खुंटीच सरकली तर पिशवी आपोआप सरकते. घड्याळाला बांधलेलं मात्र तुटतं.

माझी दुसरी खुंटी कचरागाडीची. हसू नका. गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की डबे घेऊन फाटकाशी जाईपर्यंत मिनिटभर मिळतं. ओला-सुका वेगळा करण्याची सवय इंदूरकराच्या हाडीमाशी खिळली आहे, तर त्या मिनिटात मी कालच्या दिवसातलं टाकायचं काय, ते प्रभूला सांगते. सासूबाईंना दिलेलं उलट उत्तर. कामावर दुसऱ्याच्या चुकीवर मनातल्या मनात झालेला आनंद. एकेक, नावानिशी. पापांगीकार, म्हणजे पाप कबूल करणं, हा शब्द उच्चारला की मोठं काहीतरी वाटतं आणि आपण गोलगोल बोलत बसतो. गाडी पुढे जायच्या आत उरकायचं म्हटलं की माणूस मुद्द्यावर येतो. आणि मग गाडीबरोबर चालणाऱ्या त्या दोन कामगारांसाठी एक वाक्य. शहर त्यांच्या जिवावर चकचकीत आहे.

दुसरी पायरी : सामान रात्रीच काढून ठेवा

सामान थोडंच लागतं. पवित्र शास्त्र, पेन्सिल, छोटी वही आणि चष्मा लागत असेल तर तोही. हे सगळं रात्रीच खुंटीपाशी नेऊन ठेवा. सकाळी चष्मा शोधण्यात चार मिनिटं गेली की उरलेल्या सहामध्ये मन लागत नाही. आमच्याकडे शास्त्र स्टीलच्या उभ्या डब्यात असतं, पोह्यांच्या डब्याशेजारी, कारण ओट्यावर तेलाचे शिंतोडे उडतात. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं.

मोबाइलवर वाचलं तर चालेल का, हा प्रश्न तरुण मुलं नेहमी विचारतात. चालेल. यूव्हर्जनच्या ॲपमध्ये मराठी भाषांतरं आहेत, गर्दीत उभ्याने वाचायला तेच सोयीचं. पण पहिले तीन महिने तरी घरी छापील पुस्तक घ्या. मोबाइल उघडला की आधी शाळेच्या ग्रुपवरचे सतरा निरोप दिसतात, आणि स्तोत्र २३ मधल्या हिरव्या कुरणांपर्यंत पोचेस्तोवर कुकर झालेला असतो.

पुस्तक मराठीच घ्या, जर घरात मराठी बोलत असाल तर. इंदुरातल्या दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरांत मुलं हिंदी किंवा इंग्रजी वाचतात आणि मराठी फक्त बोलतात. त्यांनी ज्या भाषेत रागावतो, ज्या भाषेत स्वप्नं पडतात, ती घ्यावी. मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला, म्हणजे आपल्या भाषेत तो वाचण्याला दोनशे वर्षं होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून अख्ख्या शास्त्राचं भाषांतर केलं, साध्या बायामाणसांना कळावं म्हणून सोप्या मराठीत. नेहमीच्या आवृत्तीतली भाषा जड वाटली तर आजही सोप्या मराठीतली भाषांतरं मिळतात. जड भाषा म्हणजे जास्त पवित्र, असं काही नसतं.

तिसरी पायरी : काय वाचायचं

बहुतेक जण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करतात. उत्पत्ती झकास जातं, निर्गमही अर्धं जातं, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं येतात, मग लेवीय हे नियमांचं पुस्तक. लेवीयात भले भले अडकले आहेत. मी दोनदा अडकले. सबंध शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीनहून अधिक. नवख्या माणसाने कुकरच्या तीन शिट्यांत हे करू नये.

मार्कपासून सुरुवात करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचं, आणि भरभर चालणारं. येशू तिथे सारखा कुठून तरी कुठे तरी निघालेला असतो, त्यामुळे धावपळीच्या माणसाला ते आपलं वाटतं. रोज अख्खा अध्याय नको. छापील पुस्तकात मजकुराच्या मध्ये छोटे मथळे असतात; एका मथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत, तेवढंच. दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा ओठ हलवत. जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने बारीक रेघ. मग वहीत तारीख आणि एक ओळ : इथे येशूने काय केलं, आणि त्यातलं मला काय टोचलं किंवा बरं वाटलं. काहीच वाटलं नाही तर तसंच लिहा. माझ्या वहीत 'आज काही कळलं नाही, डुकरांचं वाईट वाटलं' अशी एक नोंद आहे, मार्क ५ ची. तिथे डुकरांचा अख्खा कळप पाण्यात बुडतो.

मार्क संपल्यावर कुठे जायचं त्याच्या काही सोप्या वाटा आहेत. नव्या करारात २६० अध्याय आहेत, आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाचे दिवसही बरोबर २६० होतात. रोज एक अध्याय, शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला किंवा नुसतं गाणं म्हणायला. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, म्हणून ते तारखेप्रमाणे वाचतात : आज १४ तारीख, तर चौदावा. चार दिवस चुकले तरी मागे जायचं नाही, आजची तारीख उघडायची. हिशेबी माणसांना हे फार आवडतं. लूकचे २४ अध्याय डिसेंबरच्या एक तारखेला सुरू केले की नाताळच्या आदल्या दिवशी संपतात. लहान मुलांना घेऊन करण्यासारखं आहे.

आणि बसवाल्यांसाठी स्तोत्र १२० ते १३४. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू वाटेत ही म्हणत असं मानतात, म्हणजे मुळातच प्रवासातली गाणी. पंधरा स्तोत्रं, आणि १३२ सोडलं तर कुठलंही नऊ वचनांपेक्षा मोठं नाही. ह्यांनी पीथमपूरच्या बसमध्ये वर्षभरात यांतली सात पाठ केली. खिडकीकडे तोंड करून पुटपुटत. शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याला वाटायचं, भाऊ कर्जाचे हप्ते मोजताहेत.

चौथी पायरी : प्रार्थनेत बोलायचं काय

इथे नवखे सगळ्यांत जास्त बिचकतात. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची 'हे कृपाळू, दयाळू, सर्वसमर्थ बापा' अशी लांबलचक प्रार्थना ऐकली की वाटतं, आपल्याला एवढं कुठून सुचणार? सुचायची गरज नाही. शिष्यांनाही सुचत नव्हतं. त्यांनी येशूला सरळ विचारलं, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. त्याने जी शिकवली ती म्हणायला अर्धं मिनिट लागतं.

प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून टाकण्याऐवजी रोज तिची एकच ओळ घ्या आणि तिथे जरा थांबा. सोमवारी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. ज्यांचे वडील लवकर गेले किंवा ज्यांचं वडिलांशी पटत नाही, त्यांना ही पहिलीच ओळ कठीण जाते. जाऊ द्या, तेच त्याला सांगा. मंगळवारी 'तुझे राज्य येवो'. ज्या दिवशी पोळ्या लाटत असाल त्या दिवशी 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. या ओळीपाशी मी सगळ्यांत जास्त रेंगाळते. मराठीत तिथे 'भाकर' आहे. माझ्या डोळ्यांसमोर नगरच्या चुलीवरची बाजरीची भाकरी येते, आजीच्या हाताचे ठसे उमटलेली. इंदुरात पहिल्या रविवारी मंडळीत सगळे एका सुरात 'हमारी दिन भर की रोटी आज हमें दे' म्हणाले आणि मी तिथेच अडले. माळव्याच्या गव्हाची रोटी उत्तमच, पण ती माझी भूक नव्हती. त्या दिवशी मला कळलं की घरची प्रार्थना आपल्याच भाषेत का करायची. ओळीतल्या 'रोजची' आणि 'आज' या शब्दांकडेही बघा. महिनाभराचा किराणा मागितलेला नाही. दहा मिनिटांच्या भक्तीलाही हेच माप लागू.

त्या एका ओळीनंतर तीन गोष्टी, याच क्रमाने : एक उपकार, एक माणूस, एक काळजी. उपकार नेमका हवा. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' म्हणजे कशाबद्दलच नाही. माणूस घरातला रोज नको, आठवड्यातून दोन दिवस तरी बाहेरचा घ्या : वॉचमन, वर्गशिक्षिका, न पटणारा साहेब. साहेबासाठी प्रार्थना केल्याने साहेब सुधारला नाही, पण त्याच्या ई-मेलला उत्तर लिहिताना माझा हात जरा थांबायला लागला.

कामाच्या मध्ये

दुपारसाठी वेगळा वेळ काढू नका. नहेम्याचं उदाहरण पुरेसं आहे. तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला देणारा, राजासमोर उभा. राजा विचारतो, तुला काय हवंय? त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की नहेम्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावतो, तेवढी ती प्रार्थना. आपल्यालाही असे श्वास दिवसभर मिळतात : फोन उचलण्याआधीची घंटी, लिफ्टचे तीन मजले, पलासियाच्या सिग्नलवरचा लाल दिवा. एकच छोटं वाक्य ठरवून ठेवा, 'प्रभू, दया कर' किंवा 'तू इथे आहेस', आणि ते त्या जागी टाका. गाडीवर कानात इअरफोन घालून उपदेश ऐकू नका. ती भक्ती नव्हे, अपघाताला आमंत्रण.

ज्यांना घड्याळ आवडतं त्यांनी मोबाइलला तीनचा नुसता कंप लावावा. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जात होते ती दुपारी तीनची वेळ, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तिथेही दारातच एक पांगळा माणूस हात पसरून बसलेला. त्यांनी त्याला बाजूला सारून आत जायची घाई केली नाही. तेव्हा तीनला डोळे मिटताच कोणी फाइल घेऊन आलं, तर आधी फाइल बघा.

संध्याकाळची घरची प्रार्थना

एकटे राहणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. कुटुंबवाल्यांना मात्र इथेच खरी कसरत.

आमच्या घरात सहा माणसं नाहीत, पण आवाज सहांचा आहे. मुलगा नववीत, मुलगी चौथीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि हे बसमधून उतरतात तेव्हा त्यांना कोणाशी बोलायचं नसतं. अनेक प्रयोग फसल्यावर जे टिकलं ते असं : जेवणं झाल्यावर, ताटं उचलण्याआधी, तिथेच बसून. ताटं उचलली की माणसं पांगतात आणि पुन्हा गोळा करणं म्हणजे गेर, आमची रंगपंचमीची मिरवणूक, संपल्यावर राजवाड्यावरची गर्दी परत बोलावणं. 'उपासना संगीत'मधलं एक कडवं, चार-पाच वचनं, आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य. ना. वा. टिळकांची गीतं त्या पुस्तकात आहेत, ती मुलांना लवकर चढतात, कारण चाली आपल्या मातीतल्या. भजनाचा ठेका धरायला ताटवाटीही पुरते. वाचन आळीपाळीने. मुलगी वाचते तेव्हा 'नबुखद्नेस्सर' आला की सगळे श्वास रोखून धरतात.

लांब प्रार्थनेचा प्रश्न नाजूक आहे. सासूबाई प्रार्थनेला लागल्या की सुरुवात घरातून होऊन जालन्याची बहीण, भोपाळचे दीर, त्यांच्या सुनेची नोकरी असं करत गाडी जगभर फिरते, आणि नववीतला मुलगा झोपी जातो. त्यांना मध्येच थांबवणं आमच्याकडे होत नाही. मी एक दिवस म्हटलं, "आई, सगळ्या नातेवाइकांसाठी तुम्ही तुमच्या खोलीत सविस्तर करा ना, तुम्हाला वेळही मिळेल, आणि इथे शेवटचा आशीर्वाद तुम्हीच द्या." हे त्यांना मानाचं वाटलं, आणि खरंच मानाचं आहे. आता त्या शेवटी हात उचलून दोन ओळी म्हणतात, आणि मुलगा जागा असतो. मध्यस्थी प्रार्थनेची त्यांची वही वेगळी आहे, माझ्या वहीच्या तिप्पट जाड.

पाहुणे आले असतील, आणि ते ख्रिस्ती नसतील, तर त्यांना अवघडून टाकू नका. 'आम्ही पाच मिनिटं बसतो, तुम्ही बसा किंवा आराम करा' एवढं सांगून शांतपणे आपलं करा. फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, आवाज बेताचा ठेवा. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करा हे मत्तय ६ मधलं सांगणं शेजारधर्मालाही सोयीचं आहे.

रविवार, आणि हिंदीचं काय करायचं

इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ मध्ये आले, दहा वर्षांनी त्यांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढलं, तेच पुढे किशोरकुमार जिथे शिकले ते. तेव्हापासून इथल्या मंडळ्यांचं वळण मुख्यतः हिंदी. रेसिडेन्सीकडचं व्हाइट चर्च असो की कॅथलिकांचं लाल चर्च, नगर-जालन्याच्या माणसाला पहिले काही महिने परक्या घरी जेवल्यासारखं वाटतं. अन्न चांगलं, पण मीठ वेगळं. उपाय साधा आहे. शनिवारी रात्री उद्याचा शास्त्रपाठ पाळकसाहेबांना किंवा मंडळीच्या ग्रुपवर विचारून घ्या आणि मराठीत वाचून जा. मग हिंदीतला उपदेश दुप्पट कळतो. दानिएल बाबेलमध्ये परक्या भाषेच्या दरबारात तीन मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक होता, आणि तरी दिवसातून तीन वेळा घरी जाऊन यरुशलेमेकडची खिडकी उघडी ठेवून गुडघे टेकत होता. माझी खिडकी नगरकडे उघडते. नगरचं नाव आता अहिल्यानगर. चौंडीची लेक होळकरांकडे नांदायला आली, त्यामुळे माझं माहेर आणि सासर दोन्ही एकाच बाईच्या नावाने ओळखलं जातं.

कामाच्या पाळीमुळे ज्यांची सुट्टी रविवारी येत नाही, त्यांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी एक तास राखून ठेवावा आणि पाळकांना तसं सांगून ठेवावं. न सांगता गैरहजर राहिलं की लोक चौकशी कमी आणि तर्क जास्त करतात.

रात्रपाळी, बाळ, परीक्षा

रात्रपाळीवाल्यांना 'सकाळची भक्ती' हा शब्दच छळतो. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा : आधी संध्याकाळ झाली, मग सकाळ झाली, आणि तो पहिला दिवस. शास्त्रातला दिवस संध्याकाळी सुरू होतो. तुमचाही होतो. डबा भरून बूट घालण्याआधीची दहा मिनिटं ही तुमची पहाट.

तान्हं बाळ असेल तर वाचन विसरा. बाळाला पाजताना एक पाठ असलेलं वचन, झालं. पहिल्या सहा महिन्यांत याहून जास्त जिने केलं, तिच्या घरी दुसरं कोणी तरी रात्री उठत होतं असं समजा. हात रिकामे नसतील तर ऐकायचं. मराठीत नव्या कराराचं श्राव्य वाचन मिळतं. परीक्षेच्या दिवसांत मुलांना एक स्तोत्र पुरतं, आणि त्यात गुणांसाठी सौदा करायला शिकवू नका.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई येते, मार्चअखेर येते, डेंग्यू येतो. मागची उधारी फेडायला बसू नका. बारा दिवस चुकले म्हणून तेराव्या दिवशी तासभर बसलं की चौदाव्या दिवशी पुन्हा कंटाळा. वहीत गाळलेल्या तारखा तशाच कोऱ्या सोडा आणि आजची तारीख घाला. माझ्या एका वहीत ऑगस्टनंतर थेट नोव्हेंबर आहे.

दोन आठवडे ओळीने एकच खुंटी चुकत असेल तर मात्र खुंटीच बदला. मुलगा सकाळच्या शाळेतून दुपारच्या शाळेत गेला तेव्हा माझा कुकर निकामी झाला होता. चार महिने मी कपडे वाळत घालताना गच्चीवर प्रार्थना केली, वाचन रात्री. पेत्रही गच्चीवरच प्रार्थनेला गेला होता, आणि तिथे त्याला भूक लागली असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. हे वाचल्यापासून भक्तीच्या वेळी फोडणीचा वास आला तर मी स्वतःला बोल लावत नाही.

तर आज रात्री एवढंच करा : पुस्तक, पेन्सिल, वही आणि चष्मा एका जागी ठेवा आणि मार्कच्या पहिल्या पानात कागदाची खूण घाला. उद्या नळाचा दिवस असेल तर परवापासून.